लेखणी मोकळी सोडण्याची विद्या

१

लिहिणे हा कोणाचा व्यवसाय, असे विचारले तर उत्तर येईल, ग्रंथकाराचा. परंतु केवळ लिहिलेल्या ओळींची मोजदाद करावयाची झाल्यास सरकारी अधिकाऱ्याइतके लेखन फारच थोडे ग्रंथकार करीत असतील. टिपणे, मसुदे, अहवाल, खुलासे, स्मरणपत्रे आणि स्मरणपत्रांना उत्तरे, असा हा ओघ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत अखंड वाहत असतो. तरीही हाच अधिकारी, आपण पाहिलेल्या मुलुखाविषयी, भेटलेल्या माणसांविषयी किंवा स्वतःच्याच आयुष्याविषयी चार पाने लिहावी म्हणून बसला, की पहिल्याच वाक्याशी अडतो. वाक्य लिहावे, वाचावे, खोडावे, पुन्हा लिहावे, असे दोनतीन वेळा झाले म्हणजे कागद बाजूला सारला जातो; आणि 'आम्हांला काही लिहिता येत नाही बुवा' असा निकाल आपणच आपल्याविरुद्ध देऊन मोकळे होतो.

या निकालात पुराव्याचा भाग थोडाच असतो. कचेरीतील लेखणी रोज चालते, पण ती कोणाच्या तरी नजरेखाली चालते. टिपणातील प्रत्येक वाक्य वरिष्ठांना पटेल का, हिशेबतपासनीस त्यावर बोट ठेवील का, उद्या सभागृहात प्रश्न आला तर ते टिकेल का, याचा अंदाज घेऊनच कागदावर उतरते. हा दोष नव्हे. राज्यकारभार नीट चालावयाचा तर अशीच लेखणी हवी. मात्र वीसपंचवीस वर्षांची ही सवय हातापुरती राहत नाही, ती मनात उतरते. मग वाक्य कागदावर येण्यापूर्वीच मनातला एक तपासनीस पुढे होऊन त्याची झडती घेऊ लागतो. परप्रांती राहणाऱ्यांच्या बाबतीत तर त्यात आणखी एक भर पडते. दिवसभराची भाषा इंग्रजी किंवा हिंदी. त्यामुळे मराठी शब्द ओठांवर आला की तो खरोखर मराठीच आहे ना, ही शंका त्याच्या पाठोपाठ येते.

वाक्य लिहीत असतानाच ते तपासू नये, आधी लेखणी मोकळी सोडावी आणि झाडाझडती मागाहून घ्यावी, असा उपदेश गेल्या काही दशकांत वारंवार ऐकू येतो. अमेरिकेतील लेखनवर्गांतून निघालेली ही एक टूम आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु या उपदेशाचे मूळ शोधू गेल्यास आपण दोनशे वर्षे मागे, जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी, पोलीसखात्यातून काढून टाकलेल्या एका लेखनिकाच्या मेजापाशी जाऊन पोहोचतो. ती हकीकत आम्हांस येथे सांगावयाची आहे; कारण ती नीट कळली म्हणजे ही विद्या कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे दोन्ही उमगते.

२

या लेखनिकाचे नाव लुड्विग बोर्ने. १७८६ साली फ्रांकफुर्टमधील ज्यूंच्या गल्लीत तो जन्मला, तेव्हा त्याचे नाव होते ल्यॉब बारुख. ज्यूंनी याच अरुंद गल्लीत राहावे असा त्या शहराचा जुना दंडक होता. मुलगा हुशार निघाला. बर्लिन, हाले, हायडेलबर्ग येथे शिकला आणि १८०८ साली गीसन विद्यापीठाचा डॉक्टर झाला. त्या सुमारास नेपोलियनच्या सत्तेची छाया जर्मनीवर पडली होती. फ्रांकफुर्ट हे एका नव्या संस्थानाचे ठाणे झाले आणि १८११ साली तेथील ज्यूंना इतर नागरिकांच्या बरोबरीचे हक्क मिळाले. त्याच वर्षी या तरुणाला शहराच्या पोलीसखात्यात 'आक्टुआर' म्हणजे दप्तर राखणाऱ्या लेखनिक-अधिकाऱ्याची जागा मिळाली. कालपर्यंत ज्या समाजाला दुय्यम लेखले जाई, त्यातील एक माणूस आता सरकारी दप्तर लिहू लागला.

हे फार दिवस टिकले नाही. नेपोलियनचा पाडाव झाला, जुनी व्यवस्था परत आली आणि १८१५ साली, ज्यू असल्याच्या एकाच कारणावरून, त्याची नोकरी गेली. कामातील कसूर हे कारण नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८१८ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लुड्विग बोर्ने हे नवे नाव घेतले आणि 'दी वागे' म्हणजे 'तराजू' या नावाचे नियतकालिक काढले. नाटकांच्या परीक्षणांचे निमित्त करून राजकारणावर बोलावयाचे, ही या पत्राची रीत होती. उघड बोलण्याची सोय नव्हती, म्हणून हा आडमार्ग.

तोही लवकरच अरुंद झाला. १८१९ च्या मार्चमध्ये कोत्सेबू या नाटककाराचा मानहाइम येथे एका विद्यार्थ्याने खून केला. ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निक याला हे निमित्त पुरले. कार्ल्सबाड येथे जर्मन संस्थानांच्या मंत्र्यांची बैठक भरली आणि तेथे ठरलेल्या कडक निर्बंधांवर सप्टेंबरमध्ये जर्मन संघाच्या सभेने शिक्कामोर्तब केले. या सभेचे ठाणे फ्रांकफुर्ट हेच होते. निर्बंधांतील एक कलम असे होते की, २० फर्म्यांहून, म्हणजे सुमारे ३२० पृष्ठांहून कमी असलेले कोणतेही प्रकाशन सरकारी तपासणी झाल्याखेरीज छापता कामा नये. जाडजूड ग्रंथ थोडे लोक वाचतात, पत्रके आणि मासिके पुष्कळ लोक वाचतात, हा हिशेब त्यामागे होता. बोर्नेसारख्या लहान लेख लिहिणाऱ्या माणसाचा एकही शब्द या कलमाच्या कक्षेबाहेर राहू शकत नव्हता. १८२१ साली 'तराजू' बंद पडला.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून १८२३ साली त्याने लिहिलेला लेख वाचावा. लेखाचे नाव, 'तीन दिवसांत स्वतंत्र प्रतिभेचा लेखक होण्याची कला'. लांबी अवघी साडेचार पृष्ठे. त्या काळी अमुक दिवसांत लॅटिन शिका, अमुक तासांत जमाखर्च शिका, असे शिकवणारे गुरू आणि पुस्तके बाजारात होती. त्यांची थट्टा करीतच लेख सुरू होतो, आणि म्हणून वाचकाला तो प्रथम केवळ विनोदी वाटतो. शेवटी मात्र बोर्ने खरोखरीच एक कृती सांगतो. काही कोरे कागद घ्यावेत, आणि लागोपाठ तीन दिवस, मनात येईल ते सर्व, कसलाही खोटेपणा किंवा ढोंग न करता लिहून काढावे. विषयांची जी यादी तो देतो ती मोठी मासलेवाईक आहे. तीत स्वतःविषयीचे मत आहे, बायकोविषयीचे आहे, तेव्हा चालू असलेले तुर्कांचे युद्ध आहे, गटे आहे, एका व्यापाऱ्यावरील खुनाचा गाजलेला खटला आहे, जगाच्या अंतीचा न्यायनिवाडा आहे. आणि आपले वरिष्ठ अधिकारीही आहेत! तीन दिवसांनंतर स्वतःच्याच डोक्यातून किती नवे आणि पूर्वी न ऐकलेले विचार निघाले हे पाहून लिहिणारा थक्क होईल, असे तो आश्वासन देतो.

या कृतीमागील उपपत्ती तिच्याहूनही महत्त्वाची आहे. बोर्नेचे म्हणणे असे की, बहुतेक लेखक आहेत त्याहून चांगले होत नाहीत याचे कारण बुद्धीची उणीव हे नसून शीलाची उणीव हे होय. आपण विचार करण्यासच भितो. सरकारच्या तपासनिसापेक्षाही लोकमताचा तपासनीस अधिक जाचक असतो. सरकारने नुकतेच ज्याचे तोंड बांधले होते अशा माणसाने हे लिहावे, यात त्याचे मर्म आहे. सरकारी कात्रीने घायाळ झालेला लेखक साहजिकच सगळा दोष सरकारच्या माथी मारील. बोर्नेने सरकारला सोडले नाही. पण त्याच्याही पलीकडे पाहिले. कात्री चालविणारा अधिकारी कचेरीत बसलेला असतो, तो निदान दिसतो. मनात बसलेला दिसत नाही आणि त्याच्या विरुद्ध अपीलही नसते, हे त्याने ओळखले. ज्याने काही वर्षे सरकारी लेखनिकाच्या खुर्चीवर काढली होती त्यालाच हे इतके स्पष्ट दिसावे, हे स्वाभाविक वाटते.

बोर्नेचे पुढील आयुष्य या उपपत्तीचा दाखलाच ठरले. १८३० साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि तो पॅरिसला जाऊन राहिला. तेथून तो फ्रांकफुर्टमधील आपली स्नेही जेनेट व्होल हिला पत्रे लिहीत असे. रस्त्यातील गर्दी, नाटके, वर्तमानपत्रे, राजेरजवाडे, स्वतःची प्रकृती, जे दिसेल आणि सुचेल ते सर्व त्या पत्रांत येई. ही पत्रे छापावीत असा आग्रह तिनेच धरला. आणि मूळ पत्रांवर पुन्हा हात फिरवून सिद्ध झालेली 'पॅरिसची पत्रे' १८३२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. जर्मन संस्थानांनी त्यांवर बंदी घातली, तरी बोर्नेचे नाव आज मुख्यतः या पुस्तकामुळेच राहिले आहे. विश्वासाच्या एका माणसाला लिहिताना लेखणी मोकळी होती. छापण्यासाठी तिला शिस्त लावली गेली ती नंतर. १८३७ साली पॅरिस येथेच त्याचा अंत झाला.

३

बोर्नेच्या आधीही हा विचार एका थोर जर्मन लेखकाच्या पत्रात येऊन गेला होता. कवी शिलर याचा मित्र क्यर्नर याने, आपल्या हातून काही निर्मिती होत नाही अशी तक्रार केली होती. तिला शिलरने १ डिसेंबर १७८८ रोजी उत्तर पाठविले. त्याचा मथितार्थ असा: तुमची बुद्धी कल्पनेच्या वेशीवर फार कडक पहारा ठेवते. एखादी कल्पना सुटी पाहिली तर क्षुल्लक किंवा विक्षिप्त भासेल. पण तिच्या मागून येणाऱ्या दुसरीशी जोडली गेली म्हणजे कदाचित मोलाची ठरेल. वेशीवरच तिला हाकलून दिल्यावर हे कळणार कसे? म्हणून सर्जक मनात बुद्धी पहारेकऱ्यांना वेशीवरून मागे बोलावते, कल्पनांची गर्दी आत शिरू देते, आणि मगच त्या जमावाची पाहणी करते.

या 'मगच' शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. शिलरने पहारेकऱ्यांना बडतर्फ केलेले नाही. त्यांची पाळी बदलली आहे, एवढेच.

पुढे सुमारे शंभर वर्षांनी व्हिएन्ना येथे सिग्मंड फ्रॉइड याने मनोरुग्णांवर उपचाराची एक नवी पद्धत बसविली. मनात येईल ते, क्षुल्लक असो, लाजिरवाणे असो, असंबद्ध असो, न गाळता बोलावयाचे, हा तिचा पहिला नियम. १९१३ सालच्या एका लेखात त्याने हा नियम समजावून देण्यासाठी आगगाडीचा दृष्टान्त दिला आहे. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाने बाहेरचे बदलते देखावे आतल्या सोबत्याला जसे सांगत जावे, तसे रुग्णाने आपल्या मनातील देखावे सांगत जावे. बदलीच्या निमित्ताने दोन दोन रात्री आगगाडीत काढणाऱ्यांस हा दृष्टान्त पटवून द्यावयास नको. खिडकीशी बसलेला माणूस, हे स्टेशन सांगण्याजोगे आहे की नाही, असा विचार करीत बसला तर गाडी तोवर पुढे गेलेली असते.

आपल्या अप्रिय विचारांना अडविणाऱ्या मनातील शक्तीला फ्रॉइडने जे नाव दिले, ते सरळ सरकारी दप्तरातून उचललेले आहे: सेन्सॉर. १८९७ च्या डिसेंबरात एका मित्राला लिहिताना त्याने रशियाच्या सरहद्दीवर तपासल्या जाणाऱ्या परदेशी वर्तमानपत्रांची उपमा दिली होती. तेथे शब्दच्या शब्द, वाक्येच्या वाक्ये काळ्या शाईने पुसली जात, आणि उरलेला मजकूर वाचून काहीच अर्थबोध होत नसे. माणसाचे मनही असेच पुसून टाकते, हा त्याचा आशय. बोर्नेने सरकारी तपासणीवरून मनातील तपासणी ओळखली होती; फ्रॉइडने तिलाच शास्त्राची परिभाषा दिली.

या दोघांतील दुवा १९२० साली उघडकीस आला, आणि तो प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकाला मोठा बोधप्रद वाटेल असा आहे. बुडापेस्टमधील एका डॉक्टराने बोर्नेचा तो साडेचार पानांचा लेख फेरेंत्सी या फ्रॉइडच्या सहकाऱ्याच्या नजरेस आणला. तेव्हा फ्रॉइडने एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. खाली पूर्ण नाव न घालता केवळ 'एफ्' एवढे अक्षर. त्यात तो सांगतो की, वयाच्या चौदाव्या वर्षी बोर्नेचे समग्र लेखन आपणास भेट मिळाले होते, आणि पन्नास वर्षांनंतर लहानपणच्या पुस्तकांपैकी तेवढेच आपल्याजवळ उरले आहे. त्या खंडातील इतर लेख अधूनमधून आठवत राहिले. नेमका हा लेख मात्र आठवत नव्हता. तो पुन्हा वाचल्यावर, ज्या विचारांस आपण आजवर स्वतःचे मानीत होतो ते येथे आधीच मांडलेले पाहून त्याला आश्चर्य वाटले. वर शिलरच्या ज्या पत्राचा उल्लेख केला, तेही फ्रॉइडने आपल्या स्वप्नविषयक ग्रंथाच्या १९०९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत घातले होते. आपल्या शोधाचे ऋण पूर्वसूरींच्या नावे असे जमा करणारा संशोधक विरळा.

४

येथून पुढे या विद्येला दोन फाटे फुटतात, आणि त्यांतील एक फाटा आडरानात गेला.

पहिल्या महायुद्धात आंद्रे ब्रतों हा फ्रेंच तरुण वैद्यकीय सेवेत होता. १९१६ साली साँ-दिझिये येथील मनोरुग्णांच्या केंद्रात काम करताना फ्रॉइडच्या पद्धतीशी त्याचा परिचय झाला. १९१९ साली त्याने फिलीप सूपो या मित्राबरोबर एक प्रयोग केला. विषय ठरवावयाचा नाही, मागचे वाचावयाचे नाही, होईल तितक्या वेगाने लिहीत जावयाचे. त्यातून झालेले 'चुंबकीय क्षेत्रे' हे पुस्तक १९२० साली निघाले. १९२४ च्या जाहीरनाम्यात ब्रतोंने या स्वयंचलित लेखनावर एका संपूर्ण वाङ्मयीन पंथाची उभारणी केली. पहारेकऱ्यांना मागे घ्यावे एवढेच शिलर म्हणाला होता. ब्रतोंने वेसच पाडून टाकली. जे आले तेच काव्य, त्यावर पुन्हा हात फिरविणे म्हणजे अप्रामाणिकपणा, असा हा आग्रह होता. त्यातून काही चमकदार ओळी निघाल्या, पण त्याच त्या प्रतिमांची रासही पडली. १९३३ साली खुद्द ब्रतोंनेच, या स्वयंचलित लेखनाचा इतिहास ही एक अखंड दुर्दैवाची कहाणी आहे, अशा आशयाची कबुली दिली.

दुसरा फाटा अगदी साध्या, घरगुती वाटेने गेला. १९३४ साली न्यूयॉर्क येथे डॉरोथिया ब्रॅन्ड या बाईंचे 'लेखक होताना' या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. त्यांचे सांगणे असे की, लेखकात दोन माणसे राहतात, एक निर्मिती करणारा आणि दुसरा परीक्षण करणारा. दोघांनाही काम द्यावे, पण एकाच वेळी देऊ नये. म्हणून सकाळी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उठावे आणि कोणाशी बोलण्यापूर्वी, वर्तमानपत्र उघडण्यापूर्वी, मनात असेल ते लिहावे. लिहिलेले काही दिवस वाचू नये. यात पंथाभिमान नाही, काव्याची व्याख्या नाही. आहे ती केवळ दिनचर्या.

पुढे १९६४ च्या सुमारास मिशिगनमधील केन मॅक्रोरी या इंग्रजीच्या अध्यापकाने, विद्यार्थ्यांच्या निबंधांतील निर्जीव, उसन्या भाषेला कंटाळून, घरी जाऊन दहा मिनिटे न थांबता लिहून आणण्यास त्यांना सांगितले. आणि १९७३ साली पीटर एल्बो याचे 'शिक्षकांवाचून लेखन' हे पुस्तक आले, तेव्हा या पद्धतीला तिचे रूढ रूप प्राप्त झाले. एल्बो हा स्वतः या रोगाचा रोगी होता. ऑक्सफर्डला निबंध लिहिता लिहिता त्याची लेखणी अडू लागली. पुढे हार्वर्डमधील अभ्यासक्रम तर लिहिता येईना म्हणून त्याला सोडावा लागला. जे औषध त्याने सांगितले ते आधी स्वतः घेतलेले होते. नियम मोजके आहेत. दहा मिनिटे लिहावे. हात थांबवू नये. मागे वळून पाहू नये. काही खोडू नये. शब्द आठवला नाही तर तेथे रेघोटी ओढावी. काहीच सुचले नाही तर 'काही सुचत नाही' हेच लिहीत राहावे. आठवड्यातून तीन वेळा तरी हे करावे.

सर्वांत कठीण नियम न खोडण्याचा आहे, हे करून पाहणाऱ्यास पहिल्याच दिवशी कळते. दुसरी गोष्ट कळते ती अशी की, हे लेखन नेहमी सुखाचे असते असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर याने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस पंधरा पंधरा मिनिटे लिहावयास लावले होते. ज्यांनी आयुष्यातील दुःखद प्रसंग आणि त्याविषयीच्या भावना, दोन्ही लिहिल्या, ते लिहून उठताना अधिक खिन्न असत. पण पुढील सहा महिन्यांत दवाखान्याकडे त्यांच्या फेऱ्या इतरांहून कमी झाल्या. पुढच्या प्रयोगांत हा गुण कधी कमी तर कधी अधिक आढळला. तेव्हा याला रामबाण म्हणण्याचे कारण नाही. पण बोर्नेने जो भित्रेपणा म्हटला होता तो ओलांडण्यास किंमत मोजावी लागते, एवढे त्यावरून दिसते.

मोकळ्या लेखणीच्या नावावर खपणाऱ्या एका दंतकथेचाही येथे निकाल लावावयास हवा. जॅक केरुअॅक याने १९५१ च्या एप्रिलमध्ये सुमारे १२० फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर तीन आठवड्यांत आपली 'ऑन द रोड' ही कादंबरी टंकलिखित केली, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्याआधी कित्येक वर्षे तो त्याच विषयावर वह्या भरीत होता, आणि त्यानंतर फेरफार होऊन पुस्तक बाहेर आले ते १९५७ साली. तीन आठवडे लेखणीचे होते. त्यांच्या अलीकडची व पलीकडची वर्षे कष्टांची होती.

५

आपल्याकडे या विद्येला आधार आहे काय, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच. प्रथमदर्शनी उत्तर नकारार्थी येते. दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि त्यात समर्थांनी भर दिला आहे तो सुवाच्य, सारख्या, टापटिपीच्या अक्षरावर. पण तो उपदेश मुख्यतः ग्रंथ उतरून ठेवणाऱ्यासाठी आहे. विचार प्रथम सुचतो त्या क्षणाविषयी तो नाही. आपल्या व्यवहाराच्या भाषेत मात्र खर्डा, मसुदा आणि पक्की प्रत असे वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतच दोन कामे दोन वेळी करण्याचे शहाणपण साठविलेले आहे. खर्ड्याला कोणी खाडाखोडीबद्दल दोष देत नाही. आपले चुकते ते इतकेच की, आपण मनातल्या मनात पक्की प्रत तयार झाल्याखेरीज खर्ड्यालाच हात घालीत नाही.

साहित्यात पाहू गेल्यास एक योगायोग लक्षात येतो. ज्या १९३४ साली ब्रॅन्डबाईंचे पुस्तक अमेरिकेत निघाले, त्याच साली लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग मराठीत प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या; अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. व्याकरणाचा आणि पंडिती शैलीचा पंतोजी त्यांच्या मनात कधी बसलाच नव्हता. म्हणून स्वतःची फजिती, नवऱ्याचा लहरी स्वभाव, घरातील दारिद्र्य आणि धर्मांतराचे दुःख, हे सर्व त्या एकाच समतोल, प्रसन्न सुरात सांगू शकल्या. जे इतरांस प्रयत्नाने साधावे लागते ते त्यांस सहज लाभले होते.

याच्या अगदी उलट टोकाला बा. सी. मर्ढेकर आहेत. त्यांच्या 'रात्रीचा दिवस' या १९४२ सालच्या कादंबरीत मनाचा तुटक, वाहता प्रवाह जसाच्या तसा दाखविला आहे. पण तो प्रवाह जाणीवपूर्वक बांधलेला आहे. लेखणी मोकळी सोडून मिळालेला नव्हे. मुक्त दिसणारे लेखन आणि मुक्तपणे केलेले लेखन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात यावे. आणखी एका कारणासाठी त्यांचे स्मरण येथे उचित आहे. मर्ढेकर हे १९३८ पासून आकाशवाणीचे अधिकारी होते, आणि १९५६ साली त्यांचा अंत झाला तो दिल्लीस. सरकारी नोकरी, महाराष्ट्राबाहेरचा मुक्काम आणि मराठीतील अत्यंत स्वतंत्र लेखन यांचा मेळ बसत नाही, असे म्हणणाऱ्यांस हे उदाहरण पुरेसे आहे.

तेव्हा परप्रांतीच्या मराठी अधिकाऱ्याने या इतिहासातून काय घ्यावे? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, दहा मिनिटांच्या लेखनात भाषेची सोवळेओवळे पाळू नये. हिंदी, बंगाली, तमिळ किंवा इंग्रजी शब्द आला तर तो येऊ द्यावा; मराठी शब्दासाठी हात थांबला की विचारही थांबतो. वीस वर्षे ज्या मुलुखाचे मीठ खाल्ले त्याचे चार शब्द लेखनात उतरले तर मराठीचे काही नुकसान होत नाही, आणि नको असतील ते मागाहून बदलता येतात. दुसरी, पहिले पान कोणालाही दाखवू नये. ते घरच्यांसाठी नाही, संपादकासाठी नाही. यालाच जोडून एक मर्यादा सांगितली पाहिजे. आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे. बोर्नेच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी तो झाला. कचेरीची गुपिते खासगी वहीतही उतरवू नयेत, हे अधिकाऱ्यास सांगावयास नको. पण मनावरचे दडपण बहुधा अशा गुपितांचे नसतेच. ज्या कलेक्टराने पूर पाहिला, ज्या स्टेशनमास्तराने दुष्काळात स्थलांतर करणारी माणसे पाहिली, त्याने काय पाहिले आणि त्याला काय वाटले, यास कोणताच कायदा आड येत नाही. आड येते ती लोक काय म्हणतील ही धास्ती; म्हणजे बोर्ने म्हणतो तोच तपासनीस.

तिसरी गोष्ट, त्या तपासनिसाचा द्वेष करू नये. कचेरीने लावलेली काटेकोर सवय हे अधिकाऱ्याचे धन आहे. तारीख चुकू नये, ऐकीव आणि पाहिलेले यांची गल्लत होऊ नये, एका शब्दाने होणाऱ्या कामाला दोन खर्चू नयेत, हे जितके त्याला ठाऊक असते तितके पुष्कळ ग्रंथकारांनाही नसते. ब्रतोंच्या पंथाने हे धन फेकून दिले आणि पश्चात्ताप केला. आपल्याला फक्त त्याची वेळ बदलावयाची आहे. चार दिवसांनी ती पाने काढावीत, आणि दुसऱ्याच्या टेबलावरून आलेल्या टिपणावर जशी निर्दय लेखणी चालवितो तशी खुशाल चालवावी. दहा पानांतून अर्धे पान उरले तरी ते अर्धे पान आपले असेल.

परप्रांतांत राहिलेल्या मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांनी या देशाचा फार मोठा भाग आतून पाहिला आहे. त्यांची टिपणे फायलींत आहेत आणि त्या फायलींनाही ठरल्या मुदतीनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. त्यांनी जे लिहिले नाही ते तर त्यांच्याबरोबरच जाते. नोकरी गेल्यावर बोर्नेने लेखणी हाती धरली आणि त्याची साडेचार पाने दोनशे वर्षे टिकली. आपल्या वाचकांपैकी अनेकांची नोकरी सुदैवाने चालू आहे, किंवा मानाने पूर्ण झाली आहे. त्यांनी निदान तीन दिवस ही कृती करून पाहावी, आणि बोर्नेच्या यादीतील शेवटून दुसरा विषय, म्हणजे जगाच्या अंतीचा न्यायनिवाडा, तूर्त बाजूला ठेवून वरिष्ठांपासून सुरुवात करण्यास आमची काही हरकत नाही.